राजाचं जाळं

३ सप्टेंबर १९१६, रविवार. डोव्हर.

आज रविवार, आणि आज आम्ही जाळं टाकलं. आजोबांच्या काळापासून आमच्या गावात रविवारी कोणी जाळ्याला हात लावलेला नाही. लेफ्टनंट पेनरोजना तसं सांगितलं तर म्हणाले, "फ्लेट, पाणबुड्या रविवार पाळत नाहीत." मिशी धड फुटलेली नाही, पण बाहीवर सोनेरी पट्ट्या आहेत, तेव्हा ऐकून घ्यावं लागतं. मी म्हणालो, "म्हणून तर त्या नरकात जाणार, साहेब." ते हसले. आणि आम्ही जाळं टाकलं.

जाळं राजाचं आहे. हेरिंगचं नव्हे, पोलादी तारेचं. वर काचेचे गोळे तरंगतात, खाली सुरुंग लटकतात. पाणबुडी आत शिरली की एका गोळ्यावरचा दिवा पेटतो. बाकी काम तेच. जाळं सोडायचं, बोट त्याला जाड दोराने बांधायची, प्रवाहाबरोबर वाहत राहायचं, मग वाफेच्या रहाटाने ओढून घ्यायचं. हे काम नौदलातल्या कुणाला येत नाही, म्हणून तर उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या आम्हा मच्छीमारांना बोटींसकट उचलून इथे या खाडीच्या तोंडाशी आणलं.

माणसं माझीच आहेत. सुकाणूवर चुलतभाऊ कॉस्टी, चुलीपाशी म्हातारा डोसी. दोघेही फ्लेट. गावात अर्धे फ्लेट आणि अर्धे स्मिथ, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. माझं 'बो'. का, ते मलाही माहीत नाही, बापाचंही तेच होतं. बोटीवर टोपणनाव नसलेला एकच माणूस आहे, इंजिनवरचा लुईस रीड. तो फ्लेट नाही, स्मिथ नाही, मच्छीमारच नाही. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आणि माझा जावई.

आमच्यात मच्छीमाराची मुलगी मच्छीमाराच्याच घरात जाते. आमिष कोण लावणार, जाळी कोण विणणार? पण माझ्या मुलीने, आयझीने, ऐकलं नाही. तिच्या आईने, मेबलने, तोंडाला एप्रन लावून रडून घेतलं आणि मग तिचीच बाजू घेतली. मी लग्नाला गेलो, जेवलो नाही.

९ सप्टेंबर

पेनरोजसाहेबांनी सगळ्या तांडेलांना, बोटींच्या कप्तानांना, धक्क्यावर बोलावलं. हुकूम असा, की शत्रूची जहाजं दिसली तर जाळं ओढत बसायचं नाही. दोर तोडायचा आणि पळायचं. प्रत्येक बोटीला एक नवी कुऱ्हाड दिली.

साहेब गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. जाळं तोडून पळालेल्या माणसाला आमच्या गावात काय म्हणतात ते साहेबाला कसं कळणार? वादळात माझ्या बापाचा खांदा निखळला, तरी त्याने जाळं सोडलं नव्हतं. मी तीस वर्षं तांडेल आहे. एकदाही नाही.

कुऱ्हाड डोसीला दिली, लाकडं फोडायला.

१४ सप्टेंबर

आज लुईसने अनर्थ केला. जेवताना डोसीने खारवलेल्या मांसाचा तुकडा वाढला, तर हा म्हणतो, "आमच्या घरी अशी डझनभर डुकरं होती." बोटीवर! त्या जनावराचं नाव बोटीवर कोणी घेत नाही. घेतलंच तर लगेच लोखंडाला हात लावायचा, नाहीतर बोट बुडते. कॉस्टी घास टाकून बोटीच्या नांगराकडे पळाला. डोसीने चुलीच्या दाराला हात लावला आणि बोटं भाजून घेतली.

"काय झालं?" लुईस विचारतो.

"काय झालं म्हणे!" डोसी ओरडला. "अरे शेतावरच्या नांगऱ्या, नाव काय घेतलंस?"

"कोणाचं, डुकराचं?"

कॉस्टी पुन्हा पळाला.

शेवटी मी लुईसचा हात धरून रहाटावर आपटला. तो हसत होता. "तांडेल, मी दिवसभर लोखंडाच्याच पोटात बसतो. मला काही होणार नाही." या माणसाला कशाचंच गांभीर्य नाही.

१८ सप्टेंबर

खोकला उसळलाय. रात्रभर छातीत घरघर. सकाळी उठलो तर अंथरुणात पोत्यात गुंडाळलेली गरम वीट. इंजिनघरातली. मी सांगितलं नव्हतं. पोतं तेलकट होतं, चादर खराब झाली. लुईसला बोललो त्यावरून.

कुऱ्हाड चुलीपाशी नाही. पाहतो तर लुईसने धार लावून इंजिनघराच्या शिडीपाशी टांगलीय. "हुकूम आहे ना," म्हणाला. भित्रा आहे, दुसरं काय. शेतावरच्या माणसाला पायाखाली जमीन लागते.

२५ सप्टेंबर

काल सँडी स्मिथने जाळं तोडलं. सँडी म्हणजे 'लॅटिन', आमच्या शेजारच्या बोटीचा तांडेल. आम्ही लहानपणापासून बरोबर. धुक्यातून एक काळी आकृती आली, त्याला वाटलं जर्मन. दोर तोडून पळाला. ती आपलीच गस्तीची विनाशिका होती.

संध्याकाळी धक्क्यावरच्या खानावळीत तो आला तेव्हा मी माझी कात्री काढून त्याच्यापुढे ठेवली. "लॅटिन, पुढच्या वेळी ही वापर. हलकी आहे." सगळे खो खो हसले. कोणीतरी त्याला शिंपी म्हणालं. सँडी चहा न पिता गेला. इंग्रज साहेब मात्र त्याच्यावर रागावले नाहीत, उलट म्हणाले, बरोबर केलंस. साहेबांना काय कळतं!

लुईस एकटा हसला नाही. सँडीच्या मागोमाग बाहेर गेला.

२ ऑक्टोबर

आज दिवा पेटला.

दुपारी चारचा सुमार. जाळं एकदम ताणलं, बोट मागे खेचली गेली, काचेचे गोळे एकामागून एक बुडाले, जणू खाली कोणी बैल हाकत होतं. मग सुरुंग फुटले. पाणी फुगून वर आलं, पांढरं, मग काळं. तेलाचा वास. मग लाकडाचे तुकडे, एक बूट, टोपी आणि माणसं. म्हणजे जेवढी उरली होती तेवढी. दोघं जिवंत असावीत, तोंडं उघडी होती, पण तोंडात तेल. कॉस्टीने आकड्याने एकाला ओढलं, तर हात तेवढा आला.

मी जाळं ओढायला लावलं. जाळ्यात एक अडकला होता, मान तारेत, जीभ बाहेर. वीस-बावीस वर्षांचा असेल. लुईस वर आला, त्याने पाहिलं, कठड्यावर वाकून ओकला. मग परत आला, तारा पकडीने कापून त्याची मान मोकळी केली, त्याचे डोळे मिटले, तोंडातलं तेल आपल्या बाहीने पुसलं.

"राजाच्या तारा कापू नकोस," मी म्हणालो.

"तुटलंच आहे जाळं, तांडेल."

खरंच तुटलं होतं, मोठं भगदाड पडलं होतं. मला वाईट वाटलं ते त्याचं. दोन दिवस दुरुस्तीत जातील. पण रात्री धक्क्यावर सगळ्या बोटींनी आमच्यासाठी शिट्ट्या वाजवल्या. या कमांडमध्ये पाणबुडी धरणारं पहिलं जाळं बोचं.

१० ऑक्टोबर

आयझीचं पत्र. तिला दिवस गेलेत. थंडी सरता सरता होईल. लिहिते, "बाबा, तुम्ही समुद्र ओळखता, लुईस ओळखत नाही. त्याला तुमच्या हवाली केलंय. घेऊन या." पत्र तीनदा वाचलं. नातू म्हणजे अर्धा रीड, पण नाक तरी फ्लेटचं येईल.

लगेच उत्तर लिहिलं. "आणतो. बोचा शब्द आहे." मला चार ओळींच्या वर लिहिता येत नाही.

लुईसला सांगितलं, तर त्याला आधीच माहीत होतं. एवढंच म्हणाला, "मुलगा झाला तर त्याला पोहायला शिकवणार." मी म्हणालो, मच्छीमार पोहत नाही. पोहणारा जास्त वेळ मरतो. तो म्हणाला, "तरी शिकवणार." मला हसू आलं. त्याला दिसू दिलं नाही.

२१ ऑक्टोबर

वारा. बाहेर पडलो नाही. लुईसने रहाटाचे सांधे सोडून साफ केले, आता कुरकुरत नाही. खलाशी त्याला 'नांगऱ्या' म्हणू लागलेत. म्हणजे टोपणनाव पडलं.

२९ ऑक्टोबर, रविवार

हात सुजलाय. जमेल तसं लिहितो.

काल पहाट. पूर्वेला फिकट उजेड, पाण्यावर विरळ धुकं. आम्ही सगळ्या बोटी जाळ्यांना बांधून रांगेत वाहत होतो. डावीकडे सँडी. कॉस्टी म्हणाला, "गस्त आली बघ." तीन लांबट काळी जहाजं, दिवे विझवलेले. मलाही वाटलं आपलीच. ओळखीचा कंदील दाखवायला लावला.

उत्तरादाखल झोताचा दिवा आमच्या अंगावर आला. मग तोफा.

पहिला मारा सँडीवर. या वेळी त्याने जाळं तोडलं नाही. मी स्वतः पाहिलं, सँडी बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकाशी, उभा होता, दोर धरून, तोंड आमच्याकडे. मनात म्हणालो, शाब्बास लॅटिन. पुढच्या क्षणी त्याचा बॉयलर फुटला. सँडी ज्या जागी होता तिथे वाफ होती. वाफेतून माणसं बाहेर पडत होती, अंगावरची कातडी सोलून लोंबलेली, आणि त्यांचा आवाज माणसाचा वाटत नव्हता.

मी ओरडलो, "ओढा! रहाटाला वाफ दे!"

खालून लुईस, "तांडेल, दोर तोडा! वाफ इंजिनाला लागणार!"

"माझ्या बोटीवर दोर तुटत नाही! वाफ दे!"

त्याने दिली. हे लिहून ठेवतो. आधी त्याने माझं ऐकलं. रहाट फिरू लागला, पहिले काचेचे गोळे वर आले, तारेचं जाळं पाणी गाळत कठड्यावरून येऊ लागलं. सगळं नीट चाललं होतं. मग चुलीच्या खोलीवर तोफेचा गोळा पडला. डोसी दारात उभा होता, हातात किटली. किटली हातात राहिली, डोसीला डोकं राहिलं नाही. तो दोन पावलं चालला. कॉस्टीचा दंड फुटला, हाड बाहेर आलं, तो सुकाणूला मिठी मारून बसला.

रहाट थांबला. लुईसने वाफ तोडून इंजिनाला दिली होती. बोट पुढे जाऊ पाहत होती, जाळं मागे ओढत होतं, दोर कडकड वाजत होता. लुईस शिडीवरून वर आला, हातात कुऱ्हाड.

"बाजूला व्हा."

"हात लावून तर बघ!"

"बाबा, बाजूला व्हा."

आजवर त्याने मला तांडेलच म्हटलं होतं. मी त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. सगळा जोर लावून. तो कोसळला, डोकं कठड्यावर आपटलं. उठला. माझ्याकडे पाहिलंही नाही. दोरावर एक घाव घातला, दुसरा घातला. तिसऱ्यासाठी हात वर केला आणि तोफेच्या गोळ्याने कठडाच फुटला.

मी पडलो. उठलो तेव्हा लुईस पाठीवर होता. पोट उघडं. एका हाताने ते धरून ठेवलं होतं, दुसऱ्या हाताने कुऱ्हाडीचा दांडा माझ्याकडे सरकवत होता. "थोडाच राहिलाय," म्हणाला. दोराचा एकच पदर उरला होता.

मी तोडला.

बोट उसळून सुटली. जिथे होतो तिथे लगोलग दोन गोळे पडले. मग धुक्यात शिरलो. मागे बराच वेळ तोफा वाजत होत्या, एकेक बोट पेटताना धुकं तांबडं व्हायचं.

एका हाताने सुकाणू धरलं, कॉस्टीला बाजूला बसवलं. लुईसला माझ्या पायाशी ओढून घेतलं, माझा कोट घातला त्याच्यावर. बंदर दिसेपर्यंत तो जिवंत होता. पाणी मागितलं, दिलं, तर ते खालून बाहेर आलं. एकदा म्हणाला, "हाताला लागलं का तुमच्या?" मी म्हणालो, नाही. नंतर तो बोलला नाही.

मी जाळं तोडलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. गावात काय तोंड दाखवू?

३१ ऑक्टोबर

पेनरोजसाहेब आले. दाढी केलेली नव्हती, दोन दिवसांत म्हातारे झालेत. आमच्या रांगेतल्या बहुतेक बोटी गेल्या. म्हणाले, "फ्लेट, तुम्ही वेळेवर दोर तोडलात. वर तसं कळवलंय. पदक मिळेल."

मग विचारलं, "बाकीच्यांनी का तोडला नाही? बुडालेल्या बोटी अजून जाळ्यांना बांधलेल्या सापडल्या. मी हुकूम दिला होता ना? मी समजावून सांगितलं होतं ना?" मी म्हणालो, घाई झाली असेल, साहेब.

ते गेल्यावर इस्पितळात कॉस्टीपाशी बसलो. हात वाचेल म्हणतात, पण कामाचा नाही. त्याला पदकाचं सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "बो, लॅटिन तुझ्याकडे बघत होता. शेवटपर्यंत. तू तोडतोस का ते."

मी म्हणालो, तापात बडबडतोस. झोप.

तोफा सुरू असताना माणूस तोफांकडे बघेल. माझ्याकडे कशाला बघेल?

१ नोव्हेंबर

झोप नाही. सँडीचं तोंड आमच्याकडे होतं. मीच लिहिलंय वर.

३ नोव्हेंबर

आज आयझी आली. दोन दिवस आगगाडीत, पोटुशी, एकटी. मेबल तापाने पडलीय. मी स्टेशनवर गेलो. तिने मला मिठी मारली नाही, मीही पुढे झालो नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. सांगायचं, चटकन गेला, कळलंसुद्धा नाही त्याला. सांगितलंही. ती ऐकत चालत होती.

प्रेतं धक्क्यामागच्या गोदामात ठेवलीत, थंडीसाठी. पहारेकऱ्याने चादर बाजूला केली. पोटाशी पट्टी गुंडाळलीय, ते तिने पाहिलं नाही. ती तोंडाकडेच बघत होती. मग तिने त्याच्या जबड्यावर बोट ठेवलं. तिथे निळा-काळा डाग आहे. मेल्यावर जास्तच उठून दिसतो.

"हे तोफेचं नाही," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. बोटांची सालं गेलेली, मधला सांधा अजून सुजलेला. मी तो खिशात घालायला हवा होता. मला सुचलंच नाही.

"तुम्ही?"

"हो."

"का?"

"तो दोर तोडत होता."

पहारेकरी बाहेर गेला. बाहेर कोणीतरी पिंप गडगडवत नेत होतं. तांडेलाची मुलगी आहे, तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही. दोर, रहाट, वाफ, सगळं तिला दिसलं असणार. मला वाटलं ती किंचाळेल. मी वाट बघत होतो. मारेल तर मारू दे, असंही वाटलं. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"जाळं तुमचं होतं?" तिने विचारलं.

"नाही. राजाचं."

तिने चादर वर ओढली, हनुवटीपर्यंत, आणि तिच्या कडा त्याच्या खांद्यांखाली खोचल्या.

"राजाकडे आणखी आहेत," ती म्हणाली.

ती त्याला आमच्या गावात नेत नाही. डोंगरापलीकडे, त्याच्या आईबापाच्या शेताजवळ पुरणार आहे, जिथून समुद्र दिसत नाही. तीही तिथेच राहणार. मी म्हणालो, मी येतो पोचवायला, साहेब सुटी देतील. ती म्हणाली, "नको." आईला काय सांगू, मी विचारलं. "तुमचं तुम्ही सांगा."

संध्याकाळच्या गाडीत पेटी चढवली. मी खांदा द्यायला पुढे झालो, तर तिने माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे सारलं, जोर न लावता. कॉस्टी इस्पितळातून झोळीतल्या हातानिशी आला होता. त्याने धड हाताचा खांदा दिला, बाकीचे तिघे दुसऱ्या कुठल्या बोटीवरचे खलाशी होते, त्यांना लुईस माहीतही नव्हता.